बारा पानांतला बेपत्ता मुद्दा

"जगात कुठलीही वस्तू हरवत नाही," भिंगकाका म्हणाले. "हरवतं ते पाहणाऱ्याचं लक्ष. चाळीस वर्षांच्या गुप्तहेरीचं हे सार आहे. मेव्हणे, माझा चष्मा कुठाय?"

चष्मा सकाळपासून बेपत्ता होता. मेव्हण्यांनी पलंगाखाली पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं, स्वतःच्या खिशातही पाहिलं. शेवटी दमून त्यांनी हातातलं वर्तमानपत्र टेबलावर पसरलं. तेवढ्यात दार वाजलं.

आत आली पदव्युत्तर वर्गातली एक मुलगी. डोळे सुजलेले, हातात बारा पानांचा निबंध.

"काका, माझा मुद्दा चोरीला गेलाय."

मेव्हण्यांनी लगबगीने दाराला कडी घातली.

"सत्राचा निबंध आहे. विषय, वाचनालयातली शांतता. माझं म्हणणं, ती भिंतीवरच्या पाटीमुळे नाही, खुर्च्यांच्या मांडणीमुळे टिकते. तीन आठवडे बसून मोजलंय मी. गोल टेबलाशी किती कुजबुज, भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्चीत किती. पहिल्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं! मॅडमनी पाचव्या पानावर लाल शेरा मारून परत दिला. 'आपले म्हणणे काय? कुठेच दिसत नाही. पुढे वाचलेले नाही.' उद्या पाचपर्यंत दुरुस्त करून दिला नाही, तर विषय गेला आणि पदवी वर्षभर लांबली."

"तू पुढे पाहिलंस?"

"नाही हो. शेरा बघितला आणि तशीच इकडे धावले."

"मेव्हणे, पहिली ओळ वाचा."

"'सर्वप्रथम माझ्या पूज्य मातोश्रींचे...'"

"शेवटची?"

"'अशा रीतीने, पहिल्या ओळीत म्हटल्याप्रमाणे, शांतता खुर्च्याच राखतात.'" मेव्हण्यांनी निबंध वर्तमानपत्रावर ठेवला आणि त्यावर चहाचा ट्रे. "म्हणजे पहिल्या ओळीत म्हटलेलं पहिल्या ओळीत नाही. भाऊजी, मला गरगरतंय."

"निबंध कुणाकुणाच्या हातून गेला?"

"तिघांच्या. मॅडमना बारा पानं हवी होती, माझी दोनच झाली. म्हणून म्हटलं, जरा भर घाला. जिन्यात बसलेत तिघंही."

पहिला आला तिचा दादा. पेशाने वकील.

"मी एक अक्षर काढलेलं नाही. हवं तर लेखी देतो. पाच पानं इतिहास घातला."

"कुठे?"

"सुरुवातीला. पार्श्वभूमीशिवाय बाजू मांडली, तर न्यायाधीश खवळतात."

दुसरी आली वर्गमैत्रीण.

"मी फक्त व्याख्या दिल्या. चार पानं. शांतता म्हणजे काय, खुर्ची म्हणजे काय."

"खुर्ची म्हणजे काय?" मेव्हण्यांनी उत्सुकतेने विचारलं.

"त्यावर एकमत नाही."

मेव्हणे आपल्या खुर्चीत जरा सावरून बसले.

"आणि त्या घातल्यास कुठे?" भिंगकाकांनी विचारलं.

"सगळ्यात वर. व्याख्या आधीच असतात ना?"

शेवटी आई आली. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं? एकच पान घातलं, आभाराचं. आल्या आल्या मुद्द्यावर यायचं म्हणजे शोभतं का? दारात आलेला माणूससुद्धा आधी तब्येत विचारतो."

"मैत्रीणच!" मेव्हणे कुजबुजले. "नजर चुकवत होती."

"घड्याळ बघत होती. तिचाही निबंध उद्याच द्यायचाय." भिंगकाकांनी सगळ्यांना आत बोलावलं. "चोरी झालेलीच नाही. तिघांनी काहीच काढलं नाही, तिघांनीही वर घातलं. पाच, चार आणि एक. आता पहिल्या पानाची पहिली ओळ कुठे असेल?"

मेव्हणे बोटांवर मोजू लागले. बोटं संपली.

"अकराव्या पानावर!" मुलीने ट्रेखालून निबंध ओढून काढला. "'प्रस्तुत निबंधात मी असे दाखवणार आहे की...'"

"दोन पानं उरलेली असताना?" मेव्हणे म्हणाले.

"गुन्हेगाराचं नाव शेवटी सांगण्यावर माझं पोट भरतं," भिंगकाका म्हणाले. "निबंधात ते पहिल्याच परिच्छेदात सांगायचं. उरलेली पानं पुरावा. प्रत्येक पानाला विचार, तू त्या ओळीचा साक्षीदार आहेस का? नसेल तर बाहेर काढ."

वकील दादांनी छताकडे पाहिलं.

"मग बारा पानं भरू कशी?"

"तीन आठवडे मोजलंस, ते किती ओळींत लिहिलंस?"

"चार." मुलगी थबकली. "घरी तीन वह्या भरल्यात."

"मग रडतेस कशाला?"

"आणि माझं पान?" आईने हळूच विचारलं.

"ते शेवटी लावते, आई. ते काढायचं नाही."

"शेवटी? सगळ्यांच्या नंतर?"

"निघताना म्हटलेलं जास्त लक्षात राहतं, वहिनी," भिंगकाका म्हणाले. आईला ते पटलं नाही, पण मुलगी तोवर जिन्यात पोचली होती.

खोली रिकामी झाली. मेव्हण्यांनी हात जोडले. "धन्य आहे भाऊजी! एवढा गुंता सोडवलात, तोही निबंध न वाचता!"

"वाचणार कशाने? मेव्हणे, तो ट्रे जरा उचला. आणि वर्तमानपत्रही. खाली माझा चष्मा असेल."