तोरकासाने ओळखलेलं रक्त

आमच्या तबेल्यात बासष्ट घोडे आहेत आणि एकालाही काही काम नाही. दुरास्नोच्या माळावर चरायचं आणि महिन्यातून एकदा खोड्यात उभं राहून मानेच्या शिरेतून रक्त द्यायचं. दुसऱ्या दिवशी त्यातला लाल भाग आम्ही ज्याचा त्याला परत चढवतो आणि वरचं पिवळं पाणी ठेवून घेतो. मी एकोणीस वर्षं इथली पशुवैद्य आहे. पाहुण्यांनी "बिचारे घोडे" म्हटलं की माझं डोकं फिरतं. इतकं खाऊन इतकं कमी काम करणारे उरुग्वेत फक्त खासदार आहेत.

त्या पिवळ्या पाण्याचं औषध होतं. कुणाच्या रक्तातल्या पेशी त्याचीच अस्थिमज्जा मारून टाकतात, कुणाचं अंग नवं मूत्रपिंड स्वीकारत नाही. अशा चवताळलेल्या पेशींना हे औषध आवरतं. त्यासाठी घोड्याला आधी माणसाच्या पेशी टोचाव्या लागतात. लहान मुलांच्या छातीत हृदयावर एक मऊ ग्रंथी असते. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये ती आड येते म्हणून कापून काढतात, आणि ती आमच्याकडे येते. घोड्याच्या अंगाने त्या पेशींना शत्रू मानायला शिकायचं आणि ते शिकलेलं रक्त आम्ही काढून घ्यायचं. नियम एकच, पण कडक: किमान दहा मुलांच्या ग्रंथी एकत्र वाटून मगच टोचायच्या.

त्या मार्चमध्ये मोंतेविदेओच्या इस्पितळांत संप होता. दहाऐवजी एकच डबा आला, एकाच मुलाचा, वर फक्त आकडा. टाकून द्यायला माझा हात धजेना. मी ते सगळं एकेचाळीस नंबरच्या घोडीला, तोरकासाला, मेपर्यंत पाच वेळा टोचलं आणि वहीत लिहिलं: मिश्रण.

तोरकासा आमची सगळ्यात गरीब घोडी. मुकादम बाल्तासार ओलिव्हेरा तिला अकरा वर्षं हाताने गाजरं भरवत होता. मेच्या शेवटी एका सकाळी तिने गाजर सोडून त्याचा हात कोपराखाली धरला. घोडा चावतो तेव्हा चावून सोडतो. हिने सोडला नाही. त्याला उचलून झटकलं, खाली आपटलं आणि पुढचे दोन्ही गुडघे त्याच्या छातीवर टेकले. तिघांनी फावड्यांनी बडवल्यावर ती बाजूला झाली. त्याच्या हाताचं हाड कातडीबाहेर आलं होतं. बडवणाऱ्यांकडे तिने वळूनही पाहिलं नाही. मी पुढे होऊन तिच्या तोंडातला सदऱ्याचा तुकडा काढला, तोही तिने शांतपणे काढू दिला.

"म्हातारी झाली, दुसरं काय," बाल्तासार प्लॅस्टरवर टिचकी मारत म्हणाला. "आमची बायकोसुद्धा शेवटी शेवटी अशीच अंगावर यायची."

पुढच्या रविवारी त्याचा धाकटा भाऊ जेवायला आला. त्याने ही घोडी जन्मात पाहिली नव्हती. मांस भाजायच्या शेगडीभोवती आम्ही नऊ जण उभे होतो. तोरकासा कुंपणावरून उडी मारून आली, कुणाला खांदाही न लावता आमच्यामधून वाट काढत गेली आणि त्याच्या तोंडावर लाथ घातली. जबड्याचे दोन तुकडे झाले. त्याचे दात मी राखेतून वेचले.

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. पेशी शिकतात, घोडी शिकत नाही, असं मी स्वतःला दिवसातून दहादा बजावत होते.

जूनमध्ये बाल्तासारच्या मुलीच्या, सुल्माच्या, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. चोवीस वर्षांची पोर, गावात शिवणकाम करायची. पाठीवर, मांड्यांवर आपोआप काळेनिळे डाग उठले. तिची अस्थिमज्जा बंद पडली होती. मज्जा द्यायला भावंड नाही. उरला उपाय म्हणजे आमचं औषध, आणि संपामुळे हाताशी तयार खेप एकच होती, तोरकासाच्या रक्ताची.

"बाई," माते या कडू चहाचा पेला माझ्याकडे देत बाल्तासार म्हणाला, "मार्चमध्ये आमच्या आइनाराचं हृदयाचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा सुल्माची एका कागदावर सही घेतली होती. पोरीच्या छातीतलं काहीतरी काढलं, कामाला येईल म्हणाले. जातं कुठं ते?"

आइनारा म्हणजे सुल्माची लेक. चार वर्षांची.

"इथंच येतं," मी म्हणाले. "पण आम्ही दहा-दहा मुलांचं एकत्र करतो."

"मग बरं," तो म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना.

दोन दिवसांनी, घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून, तो आइनाराला तबेल्यावर घेऊन आला. तोरकासाला आता आम्ही खोड्यातच बंद ठेवत होतो, पुढे-मागे लोखंडी दांडे लावून. भर दुपार होती. पोर फाटकातून आत आली.

तोरकासाने पुढच्या दांड्यावर छाती घातली. दुसऱ्या धडकेला दांडा वाकला. तिसऱ्या धडकेला तिच्या पुढच्या पायाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती तशीच बाहेर आली.

मी पोरीला उचललं. बाल्तासार मध्ये उभा राहिला आणि डाव्या हाताने त्याने घण उचलला.

पहिला घाव डोळ्याखाली बसला. ती थांबली नाही.

दुसऱ्या घावाला ती गुडघ्यांवर आली. तिसऱ्याला कपाळ फुटलं. रक्त त्याच्या प्लॅस्टरवर, माझ्या चेहऱ्यावर, सगळीकडे उडालं. पडल्यावरही तिने मान आमच्याकडे ताणली. दात एकमेकांवर आपटत राहिले, बराच वेळ.

"एकाच पोरीचं होतं ना?" बाल्तासारने विचारलं.

"हो."

"वहीत खोटं लिहिलंत."

"हो."

घण अजून त्याच्या हातात होता. मला वाटलं, आता माझी पाळी, आणि त्यात मला काही चूक दिसेना.

"ते औषध दिलं तर सुल्मा वाचेल?"

"सगळ्या चाचण्यांत ते चांगलं निघालंय. नाही दिलं तर पंधरा दिवससुद्धा काढणार नाही ती."

"मग द्या," तो म्हणाला आणि आमच्याकडे पाठ करून रडला.

चार दिवस थेंबथेंब औषध गेलं. ताप आला, हुडहुडी भरली, उतरली. दहाव्या आठवड्यात सुल्माचं रक्त तिचं तिला पुरायला लागलं. डॉक्टर फोनवर माझे आभार मानत होते.

घरी सोडायच्या दिवशी आइनारा वॉर्डात धावत गेली. सुल्माने तिला उचलून छातीशी धरलं, केसांचा वास घेतला.

मग तिने पोरीच्या खांद्यात दात रोवले.

चार नर्सना मिळून तो जबडा उघडावा लागला. सुल्मा सबंध वेळ रडत होती.

आता आइनारा माझ्याकडे राहते. मी त्यांच्या रक्ताची नाही. बाल्तासार भावाकडे निघून गेला, लेकीला भेटायची सोय उरली नाही. सुल्मा अगदी ठणठणीत आहे, गालांवर रंग आहे. दर रविवारी दुपारी ती एकटीच येते, अंगणातल्या बाकावर बसते आणि सोबत आणलेला दोर माझ्या हातात देते. मी तिचे हात खांबाला बांधते, मग पोरीला बाहेर बोलावते. मायलेकी दहा पावलांवरून तासभर बोलतात. बालवाडीतल्या गोष्टी सांगतात, हसतात.

"जरा घट्ट बांधा, बाई," परवा ती म्हणाली. "मागच्या वेळी सैल झाला होता."

दोर नीट बसावा म्हणून मी तिच्या बाह्या वर सारल्या. मनगटापासून दंडापर्यंत दातांचे ठसे होते. काही सुकलेले, काही ओले.

"हे काय, सुल्मा?"

"घरात मी एकटीच असते ना," ती म्हणाली. "आमच्या रक्ताचं दुसरं आहे कोण तिथं?"