बाटली आजारी पडत नाही

लातूर जिल्हा झाला आणि पाणी पळालं, असं त्या वर्षी गंजगोलाईच्या बाजारात लोक चेष्टेनं म्हणायचे. जिल्ह्याची नवी पाटी आणि रिकामे हंडे एकदमच आले. त्याच सुमारास एका डॉक्टरानं लातूर आणि नांदेडच्या आपल्या लॅबमध्ये रक्त तपासायची एकसारखी मशिनं बसवली. लातूरचं मल्लिकार्जुन बघायचा, नांदेडचं शेषेराव.

लिव्हर बिघडलं की रक्तात एक एन्झाइम वाढतं. ते दोन्हीकडं सारखंच मोजलं गेलं पाहिजे. नाहीतर मधल्या लोहा गावचा रोगी नांदेडात बरा आणि लातुरात आजारी ठरायचा. त्यासाठी एकाच निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. दुष्काळात ते देणार कोण? मल्लिकार्जुननं बायकोलाच बसवलं. शिवगंगा धडधाकट, हसरी. तिच्या रक्तावरचं पिवळसर पाणी लहान बाटल्यांत भरलं. निम्म्या बाटल्या नांदेडला गेल्या, निम्म्या इथं बर्फात राहिल्या. आकडा आला वीस. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तिनंच हौसेनं लिहिल्या : ‘शिवगंगा. वीस. तब्येत झकास.’

दर सोमवारी एक बाटली वितळवायची आणि काटा विसावर येतो ना, ते बघायचं. एवढंच काम.

उन्हाळ्यात काटा तिसावर गेला. मल्लिकार्जुननं नांदेडला फोन लावला.

“हितंबी तीसच हाय,” शेषेराव म्हणाला. “तपासायच्या औषधाचं खोकं एकच ना आपलं. तेच खराब आसंल.”

“हाव. बाटली कुठं आजारी पडती?”

दोघांनी बटण फिरवून काटा विसावर आणला. पुढच्या सोमवारी तो पुन्हा चढलेला. पुन्हा फिरवलं. खोकं बदललं, तरी तेच. मल्लिकार्जुन नियमाला धरून चालणारा माणूस, तिथंच घात झाला.

शिवगंगेला जेवण जाईना. टँकरचं पाणी बाधलं असेल, असं शेजारणी म्हणाल्या. त्यानं तिचं ताजं रक्त त्याच बटण फिरवलेल्या मशिनला लावलं.

“काय निघालं हो?”

“काई न्हाई. वीस. नेमकं बाटलीवाणी.”

ती हसली. त्याच्याही जिवात जीव आला आणि दवाखाना राहून गेला.

डोळे हळदीसारखे झाले तेव्हा धावाधाव झाली, पण फार उशिरा. कपाळी विभूती लावून, लिंगायत रीतीनं बसवून तिला माती दिली.

दुखवटा संपल्यावर त्यानं लॅब उघडली. सोमवार होता. बाटली लावली.

काटा शून्यापाशीच पडून राहिला.

“शेषेराव, तुमची बाटली?”

“उतरली. वैनी गेल्या, त्याच सोमवारी.”

ती सांगत होती, आणि आपण दर सोमवारी तिचं तोंड दाबत होतो. मल्लिकार्जुनला तिथंच हुंदका फुटला.

मग त्यानं बटण उलटं फिरवलं, अगदी पहिल्या दिवशीच्या खुणेपर्यंत.

काटा हळूहळू वर आला.

विसावर थांबला.

शेजारी बाटलीवरची चिठ्ठी ओली झाली होती, पण अक्षर लागत होतं. तब्येत झकास.