नेसरीच्या श्रीपालनं पाहिलेली गाडी

लाईट गेली ते एका अर्थी बरं झालं. ठेवा ते मोबाईल बाजूला आणि ऐका. श्रीपालला मी पोरवयापासून ओळखतो. राईचा पर्वत करायची त्याला सवय नाही, उलट चार शब्द कमीच बोलणारा गडी. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर गुमान झोपा.

श्रीपाल नेसरीचा. थोडी शेती, दोन म्हशी आणि घरात म्हातारी आई, राजमतीबाई. तिला तो ‘अव्वा’ म्हणतो. तिकडं सीमेलगतच्या जैन घरांत आईला तशीच हाक मारतात. म्हातारीच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला शहरात, राजारामपुरीतल्या दवाखान्यात आणावं लागतं. एसटीत बसायला जागा मिळाली तर मिळाली. एकदा परतताना ती उभ्या उभ्या कोसळली, तेव्हा श्रीपालनं ठरवलं, गाडी घ्यायची. जुनी चालेल, पण वाटेत बंद पडणारी नको. गाडी रस्त्यात बसली आणि वेळेत पोचलो नाही तर अव्वा हातची जाईल, ही एकच धास्ती त्याच्या जिवाला लागली होती.

चंदगडकडच्या एका वाडीत धैर्यशील म्हणून एकाची गाडी विकायची होती. तो दिवसभर काजूच्या कारखान्यात, म्हणून त्यानं अंधार पडताना बोलावलं. गेल्या डिसेंबरातला पहिला गुरुवार. श्रीपाल दिवस बुडायच्या आत जेवला, पाणी प्याला आणि मोटरसायकलवर निघाला. या मायलेकांचा चौविहार, म्हणजे सूर्य मावळला की अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. त्यामुळं दुसरा कुणी प्रवासाला निघताना पाण्याची बाटली घेईल, तशी रात्रीच्या वेळी याच्याजवळ कधीच नसते.

गाडी काजूच्या झाडाखाली उभी होती. पांढरी, धुऊन पुसून लख्ख केलेली.

“पावणं, च्या टाकू न्हवं?” धैर्यशीलनं विचारलं.

“न्हाई, दिवस मावळला. आता काय चालत न्हाई. गाडी बघतो आधी.”

श्रीपालला गॅरेजवाल्या मित्रानं पढवून पाठवलं होतं. आधी बॉनेटवर हात ठेव. विकणाऱ्यानं आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर समज, कुठंतरी पाणी मुरतंय. श्रीपालनं हात ठेवला, बॉनेट थंड. रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ, वर तेलाचा तवंग नाही. इंजिन एकदा तापून बसलं की ऑइलमध्ये पाणी शिरतं आणि ते दुधाळ चहासारखं दिसतं, असं मित्र म्हणाला होता. यानं ऑइलची पट्टी ओढून पुसून पुन्हा पुन्हा पाहिली, तर ऑइल स्वच्छ. गाडी सुरू केली. मागं पांढरा धूर नाही, आवाजात खोट नाही. गडी मनातून खूश झाला.

मग त्यानं डिकी उघडली. आत पाण्यानं भरलेला कॅन.

“ह्यो कशाला? तापत्या व्हय गाडी?”

“न्हाय तापत. तापलीती एकदा, पर सगळं काम करून घेतलंय.” धैर्यशील नजरेला नजर देईना. “कॅन तेवढा तितंच असू दे.”

झालं, श्रीपालच्या डोक्यात किडा वळवळला. न तापणाऱ्या गाडीत एवढं पाणी कशाला? म्हणजे वाटेत ओतावं लागतंय. मग परीक्षा घ्यायची तर पाण्याशिवायच घेऊ. धैर्यशीलची पाठ वळताच त्यानं कॅन उचलला आणि झाडाच्या बुंध्याशी ठेवून दिला. हसू नका, तुम्हीही तेच केलं असतं.

“चला, एक चक्कर मारू.”

“तुमीच जाऊन या,” धैर्यशील म्हणाला. “म्या न्हाय बसत त्यात.”

वाडी मागं पडली. चढ सुरू झाला. दोन्ही बाजूंना झाडी, खाली उतरलेलं धुकं. श्रीपालनं गाडी मुद्दाम ताणली. इंजिनाच्या तापमानाचा काटा निम्म्यावर. बरोबर.

पुढच्या वळणावर मागच्या सीटचं कव्हर करकरलं. कुणी अंग सावरून बसावं, तसं.

त्यानं आरशात पाहिलं. कुणी नाही.

काटा हलला. वर... आणखी वर. मागची काच धुरकट झाली. वाफ. आतून. पुढची काच कोरडी होती.

त्यानं गाडी थांबवली. उतरला. बॉनेटवर हात ठेवला.

गार. वर दव पडलेलं.

आत काटा लालवर.

“पाणी...”

आवाज मागच्या सीटवरून आला. म्हातारीचा. कोरडा.

“आणलंस व्हय रं?”

पळावंसं वाटलं. णमोकार मंत्र म्हणायला गेला, पहिला शब्दच आठवेना.

“जीव चाललाय... घोटभर...”

रोज रात्री अव्वाही असंच पाणी मागते, अर्धवट झोपेत. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं, त्यात तिचा स्वतःचा नेम. श्रीपाल तिच्या कपाळावर हात ठेवून रोज एकच सांगतो. तेच त्याच्या तोंडून निघून गेलं. भीतीनं की मायेनं, ते त्यालाही सांगता येत नाही.

“रात झाली, अव्वा. सकाळी देतो.”

सीटचं कव्हर करकरलं.

मग... अगदी कानाशी...

“देशील?”

“देतो.”

काटा खाली आला.

तो परतला तेव्हा धैर्यशील तो कॅन छातीशी धरून रस्त्यात उभा होता. श्रीपालचा चेहरा बघून मटकन खालीच बसला.

“बोलली?”

“कोण हाय ती?”

“आई माझी. धोंडुबाई. दवाखान्यात निऊ लागलोतो, एप्रिलात. चढाला गाडी तापली. पाणी आणतो म्हणून गेलो... वढा आटलेला. आणि लांब गेलो... आलो तवर...” त्यानं कॅन खाली ठेवला. “इंजिन दुरुस्त झालं. तिचं काय करू? वाटलं, गाडीसंगट तीबी जाईल.”

श्रीपाल संतापला. “सोताच्या आईला इकाय काढलास व्हय रं?” एवढंच म्हणाला, किल्ली त्याच्या पुढ्यात टाकली आणि मोटरसायकल घेऊन घर गाठलं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. घरात कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी डायलिसिस. गावातल्या गुंडूची भाड्याची गाडी सांगितलेली. श्रीपाल पुढं गुंडूशेजारी, मागं अव्वा एकटी. ऊन चांगलं वर आलं, तशी अव्वा सरकत सरकत दाराला खेटून बसली.

“श्रीपाल, गाडी थांबीव. ह्यास्नी पाणी दे की.”

“कुणास्नी, अव्वा?”

“ह्या बसल्यात न्हवं. सकाळी देतो म्हणालतास म्हणं तू.”

श्रीपालनं गुंडूला गाडी थांबवायला लावली. उतरला, अव्वाची बाटली घेतली आणि रस्त्याकडेला पाण्याची धार धरली. अव्वा शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली. मग म्हणाली, “झालं. चल आता.”

राजारामपुरीत वेळेवर पोचले. अव्वाला उतरवलं. गुंडू मागचं दार लावायला गेला आणि थांबला. रिकाम्या अर्ध्या सीटवर पट्टा लावलेला होता. ताणलेला, कुणाच्या तरी अंगावरून गेल्यासारखा. मी लावलाच नाही म्हणत तो सोडवायला गेला आणि बक्कलाचा चटका बसून हात झटकत ओरडला.

“असू दे रं,” अव्वा म्हणाली. “आपल्यासंगटच परत यायचं हाय त्यास्नी.”

गुंडूच्या अंगठ्यावर त्या बक्कलाचा चौकोनी डाग उठलाय. वर्ष होत आलं, अजून गेलेला नाही.