त्यांना सांग

"त्यांना सांग, लोंब्या तिथंच पडवीत ठेवा म्हणावं. आत आणायची गरज न्हाई."

शिवानंद हे बोलला तेव्हा केशर त्याच्यापासून चार हातांवर उभी होती. दोन्ही हातांत नव्या भाताच्या ओल्या लोंब्या होत्या, आणि 'त्यांना' म्हणजे तिलाच. बंगळूरहून नव्याच्या सणाला आलेल्या रक्षितानं एकदा बापाकडे बघितलं, एकदा मोठ्या आईकडे, म्हणजे केशर काकूकडे... निरोप पोचवायची गरजच नव्हती. केशरनं लोंब्या खाली ठेवल्या आणि ती पदराला हात पुसत राहिली.

पूर्वी असा एक शब्द ऐकला की तिचं काळीज विदीर्ण व्हायचं. आता काही होत नसे. दुखऱ्या दाढेलाही एक दिवस दुखायचा कंटाळा येतो, तसंच काहीसं झालं होतं तिचं!

अणशीच्या रानातल्या या घरात ती थोरली सून म्हणून आली तेव्हा धाकटा दीर शिवा, म्हणजे हाच शिवानंद, आठ वर्षांचा होता. चार वर्षांत नवरा गेला. पदरी मूल नाही; मग सारी माया तिनं या दिरावर आणि पुढे त्याच्या लेकीवर ओतली. नव्याच्या दिवशी आंब्याच्या पानांत लोंब्या गुंडाळून चौकटीवर बांधायचा मान थोरल्या सुनेचा, आणि तो अकरा वर्षांपूर्वी तिच्याकडून गेला.

त्या वर्षी सासूबाईंचा खोकला हटेना. डॉक्टर म्हणाले, छातीत जुनी सूज आहे, या गोळ्या खंडू देऊ नका. गोळ्या तालुक्याच्या गावी, जोयड्याला मिळत. आषाढात महिनाभर त्या खंडल्या. दिवाळीला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला आणि माघात सासूबाई गेल्या. गोळ्या खंडल्या म्हणून सूज चढली, सुजेचा कॅन्सर झाला, असा हिशेब घरानं मांडला. गोळ्या कुणी बंद केल्या? केशर पुढे होऊन म्हणाली होती, "मीच बंद केल्या. काढा देत हुते." ती काढ्यांची जाणकार, सगळ्यांना लगेच पटलं. त्या दिवसापासून तिचं अंथरूण कोकमं वाळवायच्या धुराच्या खोपीत गेलं, आणि शिवानंद तिच्याशी एक शब्दही थेट बोलला नाही.

रक्षितानं बापाला पडवीच्या बाकावर बसवलं.

"बाबा, आमच्या संस्थेत मी काय करते ते कधी इचारलं न्हाईत तुम्ही."

"रक्त तपासतीस."

"हजारो लोकांच्या रक्ताची माहिती. अंगात सूज कमी राहणार की जास्त, ह्यातलं काही जन्माच्या वेळीच वाटून येतं. बियाण्याचा गुण पेरायच्या आधी ठरतो तसं. मग धूर लागो, विडी ओढो, काढा पिवो, तो वाटा बदलत न्हाई. म्हणून आम्ही बघितलं, ज्यांच्या वाट्याला जन्मापासून सूज जास्त, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर जास्त होतो का."

"व्हय, हुणारच की."

"ज्या सुजेवर आजीच्या गोळ्या हुत्या, तिच्याबाबतीत तसं दिसलं न्हाई. गाठ आधीपासून असंल, सूज तिच्यामागून आली असंल."

केशर लोंब्यांतली किडके दाणे निवडत होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली... एवढंच तिच्या मनात आलं, आणि तेही दुसऱ्या कुणाच्या घरचं असावं तसं.

"मग आई कशानं गेली?" शिवानंदनं विचारलं.

"ते एका माणसाचं सांगता येत न्हाई, बाबा."

"तरी गोळ्या बंद केल्याच न्हवं त्यांनी? एवढा इश्वास टाकला, आन्..."

"रक्षिता, गप बस," केशर पहिल्यांदाच बोलली. आवाज चढला नव्हता, पण हात थांबला होता. अकरा वर्षं ज्यासाठी धुरात काढली ते आता सांडणार, हे तिनं ओळखलं.

"न्हाई मोठी आई, अकरा वर्षं गप बसले." रक्षिताच्या गालांवरून अश्रू ओघळत होते. "बाबा, मोठ्या आईनं काहीच बंद केलं न्हाई. तुम्ही मला शाळेतनं येताना गोळ्या आणायला सांगितल्या हुत्या. मी आणल्या, आणि पुडी बसच्या सीटवर इसरले. दुसऱ्या दिवशी घाटात दरड कोसळली, महिनाभर बस न्हाई. मी रडत मोठ्या आईकडे गेले. ती म्हणाली, कुणाला सांगू नकोस... पुढं ती नेहमी म्हणायची, शीक. म्हणून शिकले मी. आजीला मीच मारलं का, एवढं बघायला!"

शिवानंदचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं लेकीला जवळ ओढलं, पण नजर केशरवर होती.

"वैनी..." अकरा वर्षांनी तो शब्द त्याच्या तोंडून निघाला. "वैनी, तुम्ही बोलला का न्हाईत?"

या एका शब्दासाठी खोपीत तिनं किती रात्री उशी भिजवली होती. आज तो समोर होता, आणि डोळे कोरडे ठणठणीत. तिला उत्तर द्यायचं होतं; पण दिराला थेट उत्तर कसं देतात तेच आठवेना.

"त्यांला सांग," ती रक्षिताला म्हणाली, "पोर तेरा वर्षांची हुती. तिच्या मानंवर आजीचं मरण कसं ठिवायचं? माझी मान रिकामीच हुती."

शिवानंद गुडघ्यांवर कोसळला आणि लहानपणी रडायचा तसा ओक्साबोक्शी रडला. केशर त्याच्याकडे बघत राहिली. माफ केलं, असं म्हणावं का? पण रागच कुठे उरला होता? धुरानं डोळ्यांतलं पाणी नेलं होतं आणि वर्षांनी मनातलं.

बऱ्याच वेळानं त्यानं लोंब्या उचलल्या आणि तिच्यापुढे धरल्या. "नवं बांधायला चला, वैनी."

"त्यांला सांग, हात धुऊन येते."

हात धुऊन तिनं आंब्याच्या पानांत लोंब्या गुंडाळल्या, उंबरा ओलांडला. बोटांना सगळं आठवत होतं. चौकटीचा खिळा मात्र तिथंच होता आणि ती खुजी झाली होती. हात वीतभर कमी पडला. रक्षिता पुढे झाली. केशरनं मानेनंच तिला थांबवलं आणि मागे वळून न बघता म्हणाली,

"शिवा, लोंब्या जरा वर धर."