झोर्कीला पडलेलं भोक

मोखाड्याचे नीलेश सर अवंतीच्या जव्हारच्या ऑफिसात शिरले ते भांडायच्याच तयारीनं.

"माझा झोर्की जाळला हो! माझ्या बापाच्या वयाचा रशियन कॅमेरा. तिबिलिसीच्या जुन्या बाजारातून मागवला, कस्टममधून सोडवताना नाकी नऊ आले. श्रीकृष्णानंच जाळलाय. आत्ता पोलिसांत जातो."

"पोलीस कुठे पळून जात नाहीत," डिटेक्टिव्ह अवंती म्हणाली. "आधी नीट सांगा."

काल सकाळी सरांनी भिंगामागचं शटरचं कापड दिव्यासमोर धरून तपासलं होतं. शाबूत. मग भिंगाचं छिद्र अगदी बारीक करून, झाकण लावून, कॅमेरा टेबलावर ठेवून ते शाळेत गेले. संध्याकाळी श्रीकृष्ण आला, कॅमेरा हाताळून गेला. नंतर पाहतात तर कापडाला भोक, कडा करपलेल्या, आणि भिंगाचं छिद्र सताड उघडं.

यात शोधायचं काय, असं अवंतीचा सहायक चैतन्य याला वाटलं. सर आणि श्रीकृष्ण, दोघंही या कॅमेऱ्यांचे वेडे. एकाला मिळाला, दुसऱ्याच्या पोटात दुखलं.

श्रीकृष्णाचा फोटो स्टुडिओ जव्हारच्याच एसटी डेपोसमोर होता. "जळतो मी त्याच्यावर, खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "एक वेळ चोरलाही असता. पण जाळेन? आणि काल एसटीनं रखडवलं. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती."

त्यालाही घेऊन सगळे मोखाड्याला आले. शेजारी धनेश भेटला, रील बनवणारा. "दुपारी घेतला होता मी हातात. डोळा लावला, सगळं झकास दिसलं, खटका दाबला."

"झाकण काढून?"

"झाकण असतं होय त्याला?"

चैतन्यानं फळीवरचा दुसरा कॅमेरा उचलून वेगाची चकती फिरवायला घेतली. सरांच्या पत्नी हर्षदा चहा घेऊन येत होत्या. "अहो, आधी चावी भरा, मग चकती! नाहीतर आत मोडतं."

"काल दुपारी घरी कोण होतं, वहिनी?" अवंतीनं विचारलं.

"मीच. पण मला त्या डबड्यांतलं काही कळत नाही बाई."

अवंतीनं चहा संपवला. "कापड उन्हानं जळलंय. भिंगाखाली कागद पेटतो ना, तसं. श्रीकृष्णराव आले तेव्हा ऊन नव्हतं. या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी भिंगापासून वेगळी, म्हणून धनेशला झाकणाचाच पत्ता नाही, त्याला छिद्र उघडायचं कुठून सुचणार? उन्हाच्या वेळी घरात असलेलं आणि कॅमेरा कळणारं माणूस एकच. चैतन्याची चूक तुम्ही दारातूनच ओळखलीत, वहिनी."

हर्षदा भिंतीला टेकल्या. "सगळं शिकले मी. यांच्याशेजारी बसता यावं म्हणून. काल म्हटलं, एकदा माझ्या हातात द्या. म्हणाले, हात ओले आहेत तुझे. पुसून आले तर झाकण लावलेलं, आणि फोनवर श्रीकृष्णभावोजींना आमंत्रण, ये, हातात घेऊन बघ! माझा जळफळाट झाला. धरला उन्हात."

सरांनी जळका कॅमेरा उचलला. आता तो बायकोच्या हातात देतील, अशी चैतन्याची खात्रीच झाली.

सरांनी चावी भरली, कॅमेरा कानाशी नेला, खटका दाबला. त्यांचा चेहरा उजळला.

"श्रीकृष्णा, ऐक! आवाज शाबूत आहे!"

हर्षदांनी रिकामे कप उचलले आणि त्या आत गेल्या.