मुक्या खोलीतली दहा मिनिटं

हवालदाराने आत पाऊल टाकलं, सवयीने खाकरला आणि दचकून मागे सरला.

"मॅडम, माझं खाकरणं गेलं कुठे?"

इन्स्पेक्टरबाई उंबऱ्यातच थांबल्या. भिंती, छत, दाराची आतली बाजू, सगळीकडे फोमच्या टोकदार पाचरी बसवलेल्या होत्या. जमीन नव्हतीच. ताणून बसवलेली तारेची जाळी, आणि तिच्याखाली पुन्हा फोम. तोंडातून गेलेला आवाज परत येत नव्हता. स्पीकर तपासायच्या या खोलीला घरात मुकी खोली म्हणत.

जाळीवर, एका रिकाम्या स्टँडच्या पायाशी, तासाभरापूर्वी भोंगेमास्तर पडलेले होते. हे नाव लोकांनी दिलेलं. माणसाने उभा जन्म लाउडस्पीकर बनवण्यात घालवला होता. डॉक्टर म्हणाले होते, हृदय. पहिल्या पाव तासात कुणी धावलं असतं, तर कदाचित वाचले असते.

स्टँडवरचा स्पीकरही नाहीसा झाला होता. मास्तरांचा नवा शोध. त्याच्या कागदी पडद्यावर पानाच्या शिरांसारख्या उठावदार रेघा होत्या. घुमणाऱ्या दालनातही माणसाचं बोलणं त्यातून स्वच्छ ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी पेटंटचा अर्ज जायचा होता.

बाहेर संगणकाच्या टेबलाशी मास्तरांची मुलगी बसली होती. वडिलांच्या जोडीने काम करणारी, तिशीतली. मुठीत गोळ्यांचं पाकीट होतं.

"ते एकटे होते का?" तिनेच पहिला प्रश्न विचारला.

"ते शोधतेय. तुम्ही कुठे होतात?"

"गोळ्या संपल्या होत्या. पावणेचारला निघाले. कोपऱ्यावरचं दुकान बंद, म्हणून लांब गेले. साडेचारनंतर परतले."

"निघताना मास्तर कुठे होते?"

"इथेच, टेबलाशी. चाचणी नुकतीच सुरू केली होती."

"कसली?"

"दर दहा मिनिटांनी स्पीकर एक शिट्टी वाजवतो. समोरचा मायक्रोफोन ती टिपतो. पडदा तापला की आवाज बदलतो का, ते बघायचं. आज बाबा म्हणाले, 'रोजची नको, उलटी लाव.' पहिल्यांदाच. तीन चाळीसला पहिली वाजली, आणि मी निघाले."

"दाराला कडी?"

"नाही लावली. ते आत गेले तर? मी बाहेरून कडी कशी लावेन?"

पुढच्या खोलीत स्पीकरची खोकी बनवणारा सुतार भुशात बसला होता.

"करवत चालू होती, बाई. आतलं काही ऐकू येत नाही. साडेचारला मामासाहेबांची हाक आली तेव्हा थांबवली. तोवर कोण आलं, कोण गेलं, देव जाणे. मागचं दार इथून दिसत नाही."

"चाचणीची शिट्टी ठाऊक आहे का?"

"वीस वर्षं ऐकतोय! दार उघडं असलं की कान किटतात." त्याने ओठांचा चंबू केला. आवाज घोगरा निघाला आणि चढत चढत बारीक झाला. "अशी. आधी म्हैस, मग डास."

मामासाहेब म्हणजे मास्तरांचे मेव्हणे, मुलीचे सख्खे मामा. मास्तरांचे स्पीकर विकण्याचं काम त्यांचं. डोळे लाल झाले होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, मग स्वतः बसले.

"कधी आलात?"

"बरोबर साडेचारला. गाडी मागच्या गल्लीत लावली. मुक्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. आता मी भाचीवर आरोप करत नाही, पण कडी होती."

"मग?"

"दार उघडलं तर आत ती शिट्टी. वरून खाली घसरत येणारी, अंगावर काटा आणणारी. 'दाजी, दाजी' म्हणून हाका मारल्या, त्या शिट्टीतच विरून गेल्या. आणि खाली बघतो तर..." त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला.

"भाचीबद्दल काही?"

"पोर हुशार आहे. पण त्या स्पीकरच्या पडद्यावर तिचा फार जीव. एका कारखान्याची माणसं तिला भेटली होती म्हणे. जास्त बोलत नाही."

बाईंनी फक्त डोकं हलवलं आणि त्या संगणकाशी परत आल्या.

"आजच्या नोंदी दाखवा."

मुलीने एकाखाली एक रेषा लावल्या. तीन चाळीस, तीन पन्नास, चार. प्रत्येक रेषेत एक उंच सुळका आणि मग सपाट शांतता.

"सुळका म्हणजे स्पीकरचा थेट आवाज. खोली रिकामी असली की त्यामागे काही येत नाही," ती म्हणाली, आणि पुढची रेषा बघून पुढे झुकली.

चार दहा. सुळक्यामागे दोन लहान उंचवटे होते.

"हे काय?"

"कशावर तरी आपटून आलेला आवाज. खोलीत दोन गोष्टी होत्या. ज्या चार वाजता नव्हत्या."

चार वीसलाही तेच दोन उंचवटे. चार तीसची रेषा मात्र सपाट. सुळकाच नाही.

"उंचवट्यावरून जागा कळते?"

"अंतराचा अंदाज येतो. नेमकी जागा करून बघावी लागेल."

स्टँडवर जुना स्पीकर चढवला. हवालदाराला आत पाठवलं.

"लग्नातसुद्धा एवढं उभं राहिलो नव्हतो," तो पुटपुटला. कोपऱ्यात उभा राहिला, जुळलं नाही. मध्ये उभा राहिला, जुळलं नाही. दाराच्या आत, दोन पावलांवर उभा राहिला, आणि दुसरा उंचवटा जुन्या रेषेवर अलगद जाऊन बसला.

"आता स्टँडच्या पायाशी आडवे व्हा."

हवालदाराने टोपी काढली. मग तो जाळीवर आडवा झाला. पहिला उंचवटा जुळला.

मुलगी संगणकाच्या पडद्याकडे बघत होती. तिने मुठीतलं पाकीट टेबलावर ठेवलं.

"शिट्टीनंतर माइक किती वेळ चालू असतो?" बाईंनी विचारलं.

"पाच सेकंद."

"चार वीसचे ते पाच सेकंद मी एकटी ऐकते."

बाईंनी हेडफोन लावले. शिट्टी वरून खाली उतरत गेली, संपली. मग पाच सेकंद. ते त्यांनी पुन्हा एकदा ऐकले. मग त्यांनी चार तीसची नोंद ऐकली आणि सगळ्यांना बोलावलं. हवालदाराला मागच्या गल्लीत पाठवलं.

"मामासाहेब, शिट्टी कशी वाजत होती म्हणालात?"

"वरून खाली. सांगितलं की."

"सुतार वीस वर्षं चढती शिट्टी ऐकतो. तुम्हीही तीच ऐकली असणार. उतरती आज पहिल्यांदा लागली, तीन चाळीसला. या फोममधून ती बाहेर जात नाही. ती ठाऊक असणारी माणसं तीन. मास्तर, तुमची भाची, आणि शिट्टी वाजताना आत असलेला."

"म्हणजे मीच. साडेचारला होतोच मी आत."

"साडेचारला स्टँड रिकामा होता. शिट्टी वाजवणार कोण? त्या वेळच्या नोंदीत तुमच्या हाका आहेत, खणखणीत. ज्या शिट्टीत त्या विरल्या म्हणता, ती नाही. ती तुम्ही आधी ऐकलीत. चार दहाला नाहीतर चार वीसला."

मामा हसायला गेले. "भाचीनेही ऐकली असेल. तिला नाही विचारत?"

"तिने ती लावली, त्यामुळे तिला ठाऊक असणारच. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मामा रुमालाची घडी घालू लागले.

"चार वाजल्यानंतर मास्तर आत गेले आणि कोसळले. तुम्ही मागच्या दाराने आलात. दाराच्या आत दोन पावलांवर थांबलात. चार दहाला तिथे, चार वीसलाही तिथेच, बोटभरही फरक नाही. धावलेला माणूस जागचा हलला असता. चार वीसला मास्तरांचा श्वास ऐकू येतो. तो थांबल्यावर तुम्ही स्पीकर गाडीत नेला, परत आलात आणि हाका मारल्यात. कडीची गोष्ट भाचीच्या गळ्यात आरोप घालायला रचलीत."

हवालदार दारात आला. हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. "डिकीत होतं, मॅडम."

मामांनी चादरीकडे पाहिलं. "मला वाटलं, शिट्टी फक्त स्पीकरची परीक्षा घेते."

"खोलीचीही घेते."

"वीस वर्षं दारोदार मी फिरलो. कोण विचारत होतं यांना? अर्जावर नावं दोन, बाप आणि लेक. तेच विचारायला आलो होतो. तर हे खाली." ते भाचीकडे वळले. "मी काय केलं, गं? हातसुद्धा लावला नाही त्यांना."

"हो," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "तेवढंच केलंत."

मामांना नेलं. सुतार कोपऱ्यात उभ्याउभ्याच रडत होता. संगणकाने टिक् असा आवाज केला आणि आणखी एक नोंद घ्यायला सुरुवात केली. मुलीने हात पुढे करून ती बंद केली.

"बाबांनी मामाला पाहिलं असेल?"

बाईंना ते पाच सेकंद आठवले. श्वासाच्या मागे, जाळीवर बोटं घासल्याचा आवाज होता. दाराच्या दिशेने.

"नोंदीवरून ते सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. नोकरीत त्या क्वचितच खोटं बोलत.

मुलीने मान डोलावली. ती उघड्या दाराकडे, आतल्या दोन पावलांवरच्या जागेकडे बघू लागली.

"दुपारपासून मी एकच विचारतेय," ती म्हणाली, "एकटे होते का? एकटे असते तर बरं झालं असतं."