११८ नंबरचा डावा बूट

हसायचं असेल तर खुशाल हसा. पण यात माझ्या पदरचं एक अक्षरही नाही. बुर्गीने सगळं तारखेनिशी वहीत लिहून ठेवलंय, आणि ती वही मी स्वतः पाहिली आहे.

गेल्याच्या गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. कार्निव्हलच्या सुट्टीचा आठवडा. ठिकाण आमचं हिंटरग्राट, बर्फाच्या डोंगरातलं गाव. डोंगरावर नेणाऱ्या दोन लिफ्ट, एक चर्च, एक खानावळ, आणि लिफ्टच्या पायथ्याशी गेबहार्टकाकांचं स्की भाड्याने द्यायचं दुकान. नावाजलेल्या गावांत जागा मिळाली नाही की लोक आमच्याकडे वळतात.

बुर्गी ही काकांची पुतणी. दुकानामागची बुटांची खोली तिच्याकडे असते. संध्याकाळी परत आलेले बूट गरम हवेच्या नळ्यांवर उलटे अडकवायचे, सकाळी कोरडे काढायचे. साठ जोड्यांचा वास त्या खोलीत कोंडलेला असतो. आंबलेलं दूध आणि ओली लोकर. बुर्गी त्यातच वाढली. तिला त्याची कधीच किळस आली नव्हती.

सोमवारी सकाळी पहिल्यांदा आली.

सगळे बूट कोरडे होते. फक्त एक सोडून. ११८ नंबरचा डावा.

नुसता ओला नाही... निथळत होता.

नळी बिघडली असेल, म्हणून सोमवारी संध्याकाळी तिने त्या नळीवर दुसरा बूट लावला आणि ११८ दुसरीकडे. मंगळवारी सकाळी दुसरा बूट खडखडीत कोरडा. ११८ मधून पाणी टपकत होतं.

मग तिने त्याचं आतलं अस्तरच बदललं. नवं कोरं घातलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बूट तोलला आणि वहीत आकडा लिहिला.

बुधवारी सकाळी तो सत्तर ग्रॅमने जड झाला होता.

आदल्या दिवशी तो कुणीही घातला नव्हता.

आणि वास... पायांचा नव्हता. फुलदाणीत महिनाभर राहिलेल्या पाण्याचा असतो तसा. गोडसर. घशाला चिकटणारा. खाली फरशीवर पाणी वाळून पांढरा डाग पडला होता.

वितळलेल्या बर्फाचा पांढरा डाग पडत नाही. घामाचा पडतो.

तिने बूट उजेडात नेला. टाचेवर रंगवलेला ११८ ताजा होता. त्याच्याखाली खरवडलेला जुना आकडा अजून दिसत होता.

१३१.

डिसेंबरात १३१ नंबरची जोडी बुर्गीनेच एका पाहुण्याला दिली होती. तो धोक्याच्या हद्दीचे झेंडे ओलांडून वरच्या लिफ्टमागच्या घळीत उतरला, आणि तिसऱ्या दिवशी मेलेला सापडला. मोडलेल्या पायावरचा उजवा बूट डॉक्टरांनी कापून काढला. डावा शाबूत होता. तो पोत्यात घालून दुकानात परत आला होता.

काका न्याहारी करत होते. बोटांनी डुकराच्या मांसाचे काप उचलत होते.

"काका, ११८ चा डावा कुठून आणलात?"

"का? चावला का तुला?"

"डिसेंबरातल्या त्या माणसाचा आहे ना?"

काकांनी चघळणं थांबवलं नाही. "११८ चा डावा तडकला होता. ह्याचा उजवा गेला होता. दोन विधुर भेटले, लावून दिलं लग्न."

"तो माणूस तीन दिवस त्या बुटात होता, काका!"

"बर्फात होता. बर्फासारखं स्वच्छ जगात दुसरं काही नाही. शिवाय मी दोनदा साबणाने धुतलाय." त्यांनी तेलकट बोटं चाटली. "प्लॅस्टिक आहे पोरी. त्याला कसली आलीय आठवण?"

बुर्गीने ताट सरकवून दिलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

गुरुवारी सकाळी नऊला इवोनाबाई आल्या. ब्रनो शहरातल्या. सोबत पंधरा वर्षांची लेक, ब्लांका. त्यांच्या सुट्टीचा शेवटचा दिवस. ब्लांकाच्या बुटाचं बकल आदल्या दिवशी तुटलं होतं.

"साडेसत्तावीस," बुर्गी म्हणाली. "ह्या मापाचे सगळे गेलेत."

"पाय आहेत का होड्या?" इवोनाबाई लेकीला म्हणाल्या. "आजोबांवर गेलीस."

"आई, हळू बोल ना! सगळे ऐकतायत." ब्लांकाचे डोळे भरून आले होते.

गल्ल्यामागून काका ओरडले, "११८ आहे की!"

बुर्गीने काकांकडे पाहिलं. काकांनी तिच्याकडे.

एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तो बूट देऊ नका.

पण कारण काय सांगायचं? ओला राहतो म्हणून? तिने फडकं घेतलं. बूट पुसला. आत पावडर मारली. आणून पोरीपुढे ठेवला.

उजवा सहज गेला. डाव्यात पाय घालून ब्लांका थबकली.

"ह्यात काहीतरी आहे."

"तुझाच पाय आहे," आई म्हणाली.

ब्लांकाने पाय काढला. बुर्गीने मनगटापर्यंत हात आत घातला. काहीच नव्हतं. टोकाशी मात्र... काहीतरी मऊ लागलं. गार. ओलसर. तिच्या बोटांना लागलं आणि मागे सरलं.

धक्का लागल्यावर झोपेतला माणूस पायाची बोटं आवळून घेतो ना... तसं.

तिने हात झटकन बाहेर काढला. काका बघत होते.

"काही नाही," ती म्हणाली.

तिनेच म्हटलं. वहीत तिने हे वाक्य दोनदा अधोरेखित केलंय.

दुपारी दोनला ब्लांका लंगडत परत आली. ओठ पांढरे पडलेले.

"काढा हो," ती म्हणाली. "आत जागाच नाहीये. तो हलतोय."

"कोण हलतोय?" आईने विचारलं.

ब्लांकाने पाय पुढे केला.

चारही बकलं उघडली, तरी बूट निघेना. काकांनी टाच धरली, बुर्गीने पोरीला मागून धरलं, आणि ओढलं. चिखलातून निघावा तसा आवाज करत तो निघाला. त्याबरोबर वाटीभर पाणी फरशीवर सांडलं.

तो वास आता अख्ख्या दुकानात पसरला. इवोनाबाईंनी तोंडावर रुमाल दाबला.

ब्लांकाचा पाय पांढरा फटक होता. सुरकुतलेला. कितीतरी दिवस पाण्यात राहिल्यासारखा. बुर्गीने तिचा मोजा पिळला, आणि त्यातून काहीतरी तिच्या तळहातावर पडलं.

अंगठ्याचं नख.

जाड. पिवळं. अख्खं. मुळाशी कातडीचा तुकडा चिकटलेला.

बुर्गीने पोरीचा उजवा बूटही काढला आणि दोन्ही पायांची नखं मोजली. मग पुन्हा मोजली.

दहा. सगळी जागच्या जागी.

"हे कुणाचं आहे?" ब्लांकाने विचारलं.

काका बाहेर गेले, आणि भिंतीला धरून ओकले. संध्याकाळी बूट पोत्यात घालून खोऱ्यातल्या कचरा जाळायच्या भट्टीवर घेऊन गेले. तो आगीत पडेपर्यंत तिथून हलले नाहीत.

त्यानंतर बुटांची खोली कोरडी. बुर्गी रोज सकाळी वाकून फरशी बघायची. एक थेंब नाही. संपलं, असं तिने वहीत लिहिलं.

एप्रिलमध्ये इवोनाबाईंचा मेसेज आला. बुर्गीने तो मला दाखवला.

'पोरीचा पाय आता बरा आहे. एक विचारायचं होतं. तिचा शाळेचा डावा बूट रोज सकाळी ओला असतो. नवीन घेतला, तरी तेच. वासही येतो. रात्री पाय पोटाशी घेऊन झोपते, म्हणते जागा पुरत नाही. तुमच्याकडे बूट वाळवायच्या नळ्या आहेत ना, त्या कुठे मिळतील?'

ह्याला वर्ष होऊन गेलं. मी अजूनही सकाळी बुटात पाय घालण्याआधी आत हात घालून बघतो, आणि हात घालताना डोळे मिटतो.

बुर्गीने त्या मेसेजला उत्तर दिलेलं नाही. मी एकदा तिला त्यावरून बोललो.

"लिहायला बसते रे," ती म्हणाली. "पण नळ्यांनी ते वाळत नाही, हे त्या बाईला कसं लिहू?"